गोष्टीतून रसायनशास्त्र: चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर सुरुवात कशी करावी

पाण्यात मीठ टाकून ढवळा आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, “मीठ कुठे गेलं?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “संपलं.” हे उत्तर अडाणीपणाचं नाही. जे दिसत नाही ते नाही, हा त्या वयाचा प्रामाणिक तर्क आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना पाण्यात विरघळणाऱ्या साखरेबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा हेच दिसलं. लहान मुलं साखर नाहीशी झाली असं मानतात. मग काही काळ ‘चव उरली’ म्हणतात. वजन तेवढंच राहतं हे पटायला आणखी काही वर्षं लागतात.

रसायनशास्त्राची सुरुवात इथेच करायची असते: न दिसणाऱ्या गोष्टीही असतात, त्या हलतात, एकमेकींना भेटतात, वेगळ्या होतात. सूत्र लिहून हे सांगता येत नाही आणि व्याख्या पाठ करूनही समजत नाही. गोष्टीतून मात्र सांगता येतं, कारण न दिसणारं पात्र मनात धरून ठेवणं लहान मुलांना सहज जमतं.

सगळ्यात आधी एक नियम

गोष्टीतल्या पदार्थाने तेच करायचं, जे तो पेल्यात करतो. गोष्टीत मीठ बोलेल, रुसेल, लपेल, चालेल. पण मीठ पाण्यात गेल्यावर फुलपाखरू होऊन उडालं, तर ती गोष्ट रसायनशास्त्राची राहिली नाही. गोष्टीचं महत्त्वाचं वळण मुलाला डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे किंवा हाताला जाणवलं पाहिजे. पुढची प्रत्येक सूचना या नियमातूनच निघते.

म्हणून ‘जादू’ हा शब्द टाळा. फेस आला की मोठ्यांच्या तोंडून तो आपसूक निघतो. जादू म्हटलं की कारण शोधायची गरजच उरत नाही. त्याऐवजी “असं का झालं असेल?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. पाच-सहा सेकंदांची शांतता मोठ्यांना जड जाते, मुलांना ती लागते.

कोणत्या वयाला किती

चार ते पाच वर्षांच्या मुलांसाठी विरघळणं, वितळणं, सुकणं, रंग बदलणं एवढं भरपूर आहे. गोष्ट चार-पाच मिनिटांची, पात्रं दोन, वळण एक. या वयात ‘कण’ हा शब्द पुरतो.

सहाव्या वर्षाच्या आसपास दोन पदार्थांतून तिसराच तयार होतो ही कल्पना आणता येते. वायू हासुद्धा पदार्थ आहे हे पटवायला थोडे कष्ट पडतात, कारण मुलांच्या लेखी हवा म्हणजे काहीच नसतं. अणू, रेणू आणि त्यांची जोडणी सातव्या-आठव्या वर्षी, तीही आधीच्या गोष्टी मुरल्यावर. साखर पाण्यात रेणू म्हणून पसरते, मिठाचे मात्र विद्युतभार असलेले कण सुटे होतात. त्यामुळे मिठाच्या गोष्टीत ‘मिठाचे रेणू’ म्हणू नका, ‘मिठाचे कण’ म्हणा. पुढे शाळेत काही पुसून टाकावं लागत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांबरोबर पाणी, बर्फ आणि मोठी भांडी एवढंच वापरा. मणी, टोकदार काड्या आणि वजनकाट्यातल्या बटणासारख्या बॅटऱ्या त्यांच्या हाती लागता कामा नयेत.

जमवायचं सामान

पारदर्शक प्लास्टिकचे पाच-सहा पेले, पाच मिलिलिटरचा आणि पंधरा मिलिलिटरचा मापाचा चमचा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, भिंग, ड्रॉपर, कडा असलेला ट्रे आणि जुनी चादर. पदार्थ म्हणाल तर मीठ, साखर, खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड (लिंबाचं सत्त्व), व्हिनेगर, हळद, अंगाच्या साबणाची वडी, जांभळा कोबी आणि लोखंडी खिळे.

पुढे लहान चमचा म्हणजे ५ मिलि आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलि, दोन्ही सपाट भरलेले.

सुरक्षिततेचे नियम पहिल्याच गोष्टीच्या आधी सांगा आणि प्रत्येक वेळी तेच शब्द वापरा. प्रयोगातलं काही तोंडात घालायचं नाही, मीठ-साखर असली तरी. कारण पुढच्या वेळी पेल्यात काय असेल ते मूल ओळखू शकणार नाही. डोळ्यांना हात लावायचा नाही. सायट्रिक ॲसिडची पूड आणि व्हिनेगर डोळ्यात गेल्यास चांगलीच आग होते, म्हणून चष्मा घाला. गेलंच तर वाहत्या पाण्याने भरपूर धुवा आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे न्या. सोडा आणि आम्ल कधीही झाकण लावलेल्या बाटलीत एकत्र करू नका, आतला दाब वाढून बाटली फुटते. संडास-न्हाणीघर धुण्याची द्रावणं, ब्लीच, चुना, धुण्याचा सोडा या सामानात येत नाहीत. ब्लीचमध्ये आम्ल पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ज्योत पेटवायची असेल तर ती मोठ्यांनीच.

गोष्ट कशी रचायची

पहिली पायरी: एकच कल्पना निवडा आणि ती एका वाक्यात लिहा. “मीठ विरघळलं तरी पाण्यातच असतं.” हे वाक्य गोष्टीत म्हणायचं नाही, ते तुमच्यासाठी आहे. एका वाक्यात मावलं नाही तर त्यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करा. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. एकाच वस्तूपाशी थांबण्याने काय साधतं, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

दुसरी पायरी: पदार्थाचा स्वभाव त्याच्या गुणधर्मावरून ठरवा. मिठाची कणी चौकोनी, टोकदार कोपऱ्यांची. तेल पाण्यात न मिसळणारं, नेहमी वर राहणारं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली बसणारा. पात्राच्या वर्णनात जे सांगाल ते भिंगातून किंवा पेल्यात दाखवता आलं पाहिजे. ‘मीठ शूर आहे’ हे दाखवता येत नाही, म्हणून ते काढून टाका.

तिसरी पायरी: प्रयोग गोष्टीच्या नेमक्या वळणावर ठेवा. आधी सगळी गोष्ट आणि मग प्रयोग असं केलं, तर मुलाला शेवट ठाऊक असतो आणि ते नुसती खात्री करतं. आधी प्रयोग केला तर फेस पाहून झाल्यावर गोष्टीकडे कुणाचं लक्ष राहत नाही. गोष्ट अडते, पात्रापुढे प्रश्न उभा राहतो, तिथे थांबा. मुलाला अंदाज विचारा, तो कागदावर चित्राने काढून घ्या, मग ओता. चित्र काढून घेणं महत्त्वाचं. तोंडी अंदाज निकाल दिसताच बदलतो आणि “मी हेच म्हणालो होतो” असं मुलाला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: स्वतः आदल्या दिवशी करून बघा, त्याच मापांनी, त्याच पेल्यांत. सोडा जुना असतो, कोबीचा रस पातळ होतो, ऊन नसतं. मुलांसमोर प्रयोग फसला तर बिघडत काही नाही, पण का फसला ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट, पूर्ण: कणीची लपाछपी

वय चारपासून पुढे. लागेल एक लहान चमचा मीठ, तीन मोठे चमचे कोमट पाणी, एक गडद रंगाची चिनी मातीची किंवा प्लास्टिकची बशी. धातूची ताटली नको, मिठाच्या पाण्याने तिच्यावर डाग पडतात.

“एका डबीत खूप कण्या राहायच्या. प्रत्येक कणी म्हणजे एक छोटंसं चौकोनी घर. घरात इतके चिमुकले कण होते की ते कुणालाच दिसायचे नाहीत. सगळे एकमेकांना घट्ट धरून, ओळीत उभे.”

इथे थांबा. काळ्या कागदावर चिमूटभर मीठ पसरून भिंगातून दाखवा. सगळ्याच कण्या नीट चौकोनी दिसत नाहीत, काहींचे कोपरे घासलेले असतात. ‘कोपरेवाली कणी शोध’ म्हटलं की मूल शोधत राहतं.

“एकदा त्यांनी ठरवलं, लपाछपी खेळायची. पण डबीत लपणार कुठे? समोर पाणी होतं. पाणी म्हणालं, ‘माझ्याकडे या. मी तुम्हाला असं लपवेन की कुणाला दिसणार नाही.’ पहिली कणी पाण्यात उतरली. पाण्याने घराच्या कोपऱ्यातला एक कण अलगद सोडवला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा.”

आता मीठ मुलाने टाकायचं आणि मुलानेच ढवळायचं. पाणी स्वच्छ दिसू लागलं की विचारा: “कण आहेत की गेले?” अंदाज चित्रात काढून घ्या. काही मुलं रिकामा पेला काढतात, काही ठिपके काढतात. दोन्ही चित्रं ठेवून द्या, त्यांवर काही बोलू नका.

“राज्य घेतलं होतं सूर्याने. त्याने पेल्यात पाहिलं. कुणी नाही! मग त्याला एक युक्ती सुचली. तो म्हणाला, ‘मी कणांना शोधत नाही. मी पाण्यालाच वर बोलावतो.’”

पाणी बशीत ओता आणि खिडकीत ठेवा. थर तीन-चार मिलिमीटरचाच हवा. पेल्यातच ठेवलंत तर आठवडा जाईल आणि मुलाचा गोष्टीशी असलेला धागा तुटेल. चांगल्या उन्हात एका दिवसात, सावलीत दोन ते चार दिवसांत बशी सुकते. वर जाळी घाला, धूळ बसली तर स्फटिक मळकट दिसतात. गोष्ट इथेच थांबवायची, उरलेला भाग उद्या. मुलं बशी पाहायला स्वतःहून जातात, तेव्हा काय दिसतं ते त्यांनाच सांगू द्या.

“पाणी वर गेलं. कण उघडे पडले. त्यांनी पुन्हा एकमेकांना धरलं, ओळीत उभे राहिले, आणि पुन्हा घरं झाली. कशी?”

भिंग मुलाच्या हातात द्या. शब्द त्याच्या तोंडून आला पाहिजे: चौकोनी. तीव्र उन्हात झपाट्याने सुकलं तर नुसता पांढरा पापुद्रा मिळतो, सावलीत हळूहळू सुकलं तर मोठे चौकोन दिसतात. पापुद्राच मिळाला तर गोष्ट पुन्हा करा आणि सूर्याला ‘सावकाश’ म्हणायला लावा. मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थामुळे पाणी किंचित गढूळ राहू शकतं. ते तसंच सांगा.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी याच गोष्टीत वजनकाटा आणा. पाण्याचा पेला, कागदावरचं २० ग्रॅम मीठ आणि चमचा असं सगळं एकत्र काट्यावर ठेवून आकडा लिहा. मग मीठ पाण्यात टाकून ढवळा आणि पेला, रिकामा कागद, चमचा पुन्हा ठेवा. चमचा दोन्ही वेळा काट्यावरच हवा, नाहीतर त्याला लागलेल्या थेंबांमुळे एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा फरक पडतो आणि नेमका तोच मुलाच्या लक्षात राहतो.

पाण्याकडची लपायची जागा संपते का, हा प्रश्न एखादं मूल हमखास विचारतं. संपते. २०० मिलि पाण्यात साधारण ७० ग्रॅम, म्हणजे सुमारे बारा लहान चमचे मीठ मावतं, पुढचं तळाशी राहतं. पाणी गरम केलं तरी मिठाच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही. साखर मात्र गरम पाण्यात कितीतरी जास्त मावते, आणि थंड पाण्यातही मिठाच्या पाचपटीहून अधिक.

एक गोंधळ इथेच मिटवा. मुलं, आणि पुष्कळदा मोठेही, साखर ‘वितळली’ म्हणतात. एका वाटीत बर्फाचा खडा आणि दुसऱ्या वाटीत साखर, दोन्हींत पाणी न घालता ठेवा. बर्फ एकटाच वितळतो. साखर तशीच बसून राहते, कारण तिला विरघळायला कुणीतरी सोबत लागतं.

दुसरी गोष्ट: तिसऱ्याची वाट पाहणारे शेजारी

सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी सगळीकडे केला जातो. त्यातून मुलाला आठवतो तो फेस आणि लाल रंग. त्याऐवजी कोरडा सोडा आणि कोरडं सायट्रिक ॲसिड घेणं आम्हाला कितीतरी सरस वाटतं, कारण त्यात गोष्टीचं वळण आयतंच आहे: दोघं एकत्र आले तरी काहीच होत नाही.

पाण्याच्या एक लिटरच्या उंच, कोरड्या जगमध्ये अर्धा लहान चमचा सायट्रिक ॲसिड आणि पाऊण लहान चमचा सोडा टाका. दोन्ही पांढरे, शेजारी शेजारी, गप्प. “एवढे जवळ राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. का बरं?” अंदाज घ्या. बोट लावून जगाच्या तळाचा गारवा आधी तपासा. मग गोष्टीत पाणी येतं. दोन मोठे चमचे पाणी ओता.

फसफस होते तेव्हा लगेच मुलाचा हात जगाच्या तळाशी बाहेरून लावा. तो गार झालेला असतो. हा बारकावा बहुतेक जण गमावतात. ही क्रिया भोवतालची उष्णता ओढून घेते, म्हणून गारवा. पाणी जास्त घातलं तर तो जाणवत नाही, म्हणून दोनच चमचे आणि तेही आधीपासून खोलीच्या तापमानाला आलेलं.

मग नवा पाहुणा: कार्बन डायऑक्साइड. तो दिसत नाही, पण जगमध्ये खाली बसलेला असतो. मोठ्यांनी एका वाटीत छोटी मेणबत्ती लावावी आणि जग हळूच तिच्यावर कलता करावा, द्रव बाहेर येणार नाही इतपतच. ज्योत विझते. पंखा चालू असेल किंवा खिडकीतून वारा येत असेल तर वायू पसरतो आणि काहीच होत नाही. फेस थांबल्यावर उशीर केला तरी तेच.

मापं अशीच का? दोन्ही पदार्थ साधारण पुरे पडावेत म्हणून. व्हिनेगर वापरणार असाल तर एक लहान चमचा सोड्याला पाच टक्के व्हिनेगर सुमारे ७० मिलि लागतं. सोडा ढीगभर टाकला तर उरलेला तळाशी पांढरा बसतो आणि ‘जास्त टाकलं की जास्त होतं’ हा समज मुलाच्या मनात घट्ट होतो. खरं तर ते बघायला मुद्दाम दुप्पट सोडा टाकून दाखवण्यासारखं आहे: आम्ल संपलं की खेळ थांबतो. कोरडं मिश्रण मात्र बरणीत भरून ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानेही क्रिया सुरू होते आणि झाकण उडू शकतं.

तिसरी गोष्ट: दोन पहारेकरी

अर्धा लहान चमचा हळद दोन मोठे चमचे गरम पाण्यात कालवा, त्यात टिपकागदाच्या किंवा कॉफी गाळायच्या कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून पट्ट्यांवर डाग-डाग येतात. सारख्या रंगाच्या पट्ट्या हव्या असतील तर मोठ्यांनी पाण्याऐवजी स्पिरिट वापरावं, ज्योतीपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून.

पाच पेले मांडा: साधं पाणी, मीठ-पाणी, सोड्याचं पाणी, साबणाच्या वडीचं पाणी, पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून. साबणाचं पाणी फेस बसेपर्यंत ठेवून मग ओता, नाहीतर ते लगेच ओळखू येतं. “दारावर पिवळा पहारेकरी उभा आहे. काही पाहुणे आले की तो लाल होतो.” मूल प्रत्येक पेल्याचा थेंब पट्टीवर टाकतं. साबण लालसर तपकिरी करतो. सोडा फिकट नारिंगी-लाल, कारण तो सौम्य अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ आहे. उरलेले तिघे पिवळेच.

इथे गोष्टीला खरी अडचण येते आणि ती लपवू नका. पिवळ्या पहारेकऱ्याला पाणी आणि व्हिनेगर सारखेच वाटतात. मग दुसरा पहारेकरी बोलवा. दोन वाट्या चिरलेला जांभळा कोबी अर्धा लिटर उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून गाळा. हा रस आम्लात गुलाबी होतो, साध्या पाण्यात जांभळा राहतो, सोड्यात निळा-हिरवा होतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, मग वास मारतो.

नळाचं पाणी काही ठिकाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि रस निळसर दिसतो, ते आधी तपासा. हात धुण्याचे बरेच द्रवरूप साबण आणि शाम्पू अल्कधर्मी नसतात, त्यांनी हळद लाल होत नाही. म्हणून वडीच घ्या. शेवटी लाल डागावर व्हिनेगरचा थेंब टाकला की तो पुन्हा पिवळा होतो. हे परतणं दाखवल्याशिवाय गोष्ट पुरी करू नका.

रोज एक भाग: चार खिळे

गंज एका बैठकीत दिसत नाही, म्हणून ही मालिका करा. चार सारखे लोखंडी खिळे सँडपेपरने घासा, साबणाने धुऊन पुसा. एक कोरड्या बंद बरणीत, एक अर्धा बुडेल इतक्या पाण्यात, एक तसाच मिठाच्या पाण्यात, एक तेलात बुडवून मग पाण्यात. रोज त्याच वेळी पाहायचं, चित्र काढायचं, गोष्टीतला त्या दिवसाचा भाग दोन-तीन वाक्यांत सांगायचा. तांबूस छटा एक-दोन दिवसांत दिसू लागते. काहीच झालं नाही तर खिळ्यावर जस्ताचा मुलामा आहे किंवा तो स्टेनलेस स्टीलचा आहे. लोखंडाला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही भेटले तरच गंज येतो, हे चारही बरण्यांची चित्रं शेजारी ठेवून मुलानेच म्हणावं. गंजलेले खिळे मुलांच्या हातात देऊ नका.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी: अणूंचे हात

जाड कागदाच्या चकत्या कापा. पांढरी म्हणजे हायड्रोजन, हात एक. लाल म्हणजे ऑक्सिजन, हात दोन. काळी म्हणजे कार्बन, हात चार. हात म्हणजे चकतीला चिकटवलेल्या पट्ट्या, त्या क्लिपने जोडायच्या. नियम एकच: कुणाचाही हात रिकामा राहता कामा नये. मूल स्वतःच शोधतं की एका लाल चकतीला दोन पांढऱ्या लागतात. झालं पाणी. एका काळीला दोन लाल जोडल्या, प्रत्येकीने दोन्ही हात दिले, की कार्बन डायऑक्साइड.

मग एक काळी आणि चार पांढऱ्यांचा मिथेन करा, शेजारी दोन-दोन लाल चकत्यांच्या दोन जोड्या ठेवा, आणि गोष्टीत ठिणगी पडू द्या. सगळे हात सुटतात. पुन्हा जोडले की एक कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी तयार होतात, एकही चकती उरत नाही, एकही कमी पडत नाही. इथे घाई करू नका. मूल चकत्या मोजून पाहील, पुन्हा सोडेल, पुन्हा जोडेल. रसायनशास्त्राचा गाभा ते हाताने मोजत असतं.

अणूंना खरे हात नसतात हे सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा सांगा. मीठ मात्र या खेळात आणू नका, त्याची जोडणी वेगळ्या प्रकारची असते.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते आम्लाला खलनायक केल्यावर. गोष्टीला दुष्ट पात्र लागतं असं वाटतं आणि ‘दुष्ट ॲसिड’ जन्माला येतं. लिंबात आम्ल आहे, पोटात आम्ल आहे. उलट तीव्र अल्क त्वचेला आणि डोळ्यांना तितकेच घातक असतात. तसंच ‘चांगला ऑक्सिजन, वाईट कार्बन डायऑक्साइड’ हेही नको. झाडं त्याच कार्बन डायऑक्साइडवर वाढतात. गोष्टीत संघर्ष हवा असेल तर तो अडचणीतून आणा: कुणी सापडत नाही, कुणी बोलत नाही, पहारेकऱ्याला दोघं सारखेच दिसतात.

दुसरी चूक म्हणजे ऐकीव स्पष्टीकरण. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती ठेवून वर पेला पालथा घातला की पाणी आत चढतं, आणि ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं सांगितलं जातं. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी चढतं ते मुख्यतः तापून पसरलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून. तुम्हाला कारणाची खात्री नसेल तो प्रयोग गोष्टीत घेऊ नका.

‘कणांना जायचं होतं’, ‘अणूला हवं होतं’ अशी भाषा टाळता येत नाही, पण ती सैल करता येते. गोष्ट संपल्यावर विचारा: “यातलं काय खरंच झालं आणि काय आपण गोष्टीसाठी म्हटलं?” पाचव्या वर्षीही मुलं हे नेमकं वेगळं काढतात. पाण्याने मीठ लपवलं हे खरं, पाणी बोललं हे गोष्टीतलं.

आणि अंदाज चुकल्यावर हसू नका, “बघ, चुकलास” म्हणू नका. मुलाचं चुकीचं चित्र म्हणजे पुढची गोष्ट कोणती सांगायची याची माहिती आहे.

समजलं की नाही ते कसं कळेल

दोन दिवसांनी गोष्ट मुलाला सांगू द्या. शब्द आठवतात का ते पाहू नका. गोष्टीत एक बदल करून विचारा. “सूर्य आलाच नसता तर?” “पाण्याऐवजी तेल असतं तर कण्या लपल्या असत्या?” तेलात मीठ विरघळत नाही, हे लगेच करून बघता येतं. उत्तर चुकलं तरी मूल कणांच्या आणि पाण्याच्या भाषेत बोलत असेल, तर गोष्ट रुजली आहे. ‘मग परी आली’ असं झालं, तर पहिली गोष्ट पुन्हा सांगा, या वेळी थांबण्याच्या जागा वाढवून.

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना घडलेल्या गोष्टी सांगायला लागा. एक खेळ करून ठेवा: कार्डांवर चार आकार आणि चार रंग यांची सोळा चित्रं काढा, त्यातलं एक काढून घ्या, उरलेली मुलाला रांगेत लावायला सांगा आणि हरवलेलं कार्ड कसं असेल ते न पाहता काढायला लावा. काढून झालं की सांगा: रशियातल्या दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांची अशीच मांडणी केली आणि काही जागा रिकाम्या सोडल्या. ॲल्युमिनिअमच्या खालच्या जागी कसं मूलद्रव्य असेल हे त्यांनी आधीच वर्तवलं. १८७५ साली ते फ्रान्समध्ये सापडलं. त्याचं नाव गॅलियम, आणि ते तळहाताच्या उबेनेसुद्धा वितळतं.